कापसाचे बोंड, पेशी आणि गुलाबी बोंडअळी

कापसाच्या बोंडातून जो पांढरा तंतू वेचला जातो तो एकच पेशी होय. वनस्पतीच्या अंगातील बहुतेक पेशी इतक्या बारीक असतात की सूक्ष्मदर्शक यंत्राखेरीज त्या दिसत नाहीत. एका मिलिमीटरात त्यांच्या दहापासून शंभरपर्यंत सहज मावतात. कापसाचा तंतू मात्र २५ ते ३० मिलिमीटर लांब वाढतो आणि त्याची लांबी त्याच्या जाडीच्या हजार पटींहून अधिक असते. अशा दहा हजारांहून अधिक पेशी एकेका सरकीच्या अंगावर उगवलेल्या असतात. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात प्रथम पेशींची घरे पाहिली आणि त्याचे मोठे कौतुक झाले. विदर्भातील शेतकरी तर पेशीच वेचतो आणि क्विंटलाने मोजून बाजारात नेतो. फक्त त्यास कोणी तसे सांगितलेले नसते.

हे सांगण्याचे प्रयोजन केवळ कुतूहल नव्हे. नागपूर हे कापसाचे जुने ठिकाण. येथे १८७७ साली एम्प्रेस मिल उभी राहिली आणि पुढे १९७६ साली भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने केंद्रीय कापूस संशोधन संस्था येथेच स्थापन केली. या भागात काम करणाऱ्या ग्रामसेवकास आणि कृषि सहायकास गावोगाव एकच प्रश्न विचारला जातो: "बीटीचे महाग बियाणे पेरले, तरी बोंडात अळी कशी?" या प्रश्नाचे उत्तर खतात नाही, जमिनीतही नाही. ते कपाशीच्या आणि अळीच्या पेशीत आहे. यास्तव पेशीची ओळख करून घेणे हे आता शेतीच्याच कामाचा भाग झाले आहे.

पेशीची रचना

प्रत्येक सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते. कपाशीचे पान, अळीचे आतडे, बैलाचे मांस, माणसाची कातडी ही सर्व पेशींचीच रचना. वनस्पतीच्या पेशीस बाहेरून एक ताठ भिंत असते, तिला पेशीभित्तिका म्हणतात. तिच्या आत एक अतिशय पातळ पडदा असतो, त्यास पेशीपटल म्हणतात. कोणता पदार्थ आत यावा आणि कोणता बाहेर जावा हे हा पडदा ठरवितो. पडद्याच्या आत दाट, चिकट द्रव असतो. त्यात अन्नापासून शक्ती काढणारे, प्रथिने तयार करणारे असे निरनिराळे सूक्ष्म भाग असतात, आणि बहुधा एका बाजूस गोलसर केंद्रक असते. वनस्पतीच्या पेशीत याशिवाय पाण्याने भरलेली एक मोठी पिशवी असते. प्राण्यांच्या पेशीस ताठ भिंत नसते आणि अशी मोठी जलपिशवीही नसते.

हे दाखविण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. तालुक्याच्या माध्यमिक शाळेत साधे सूक्ष्मदर्शक यंत्र असतेच. कांद्याच्या पाकळीच्या आतील बाजूचा पातळ पापुद्रा काढून काचेवर पसरावा, त्यावर आयोडिनचा एक थेंब टाकावा, आणि यंत्राखाली पाहावे. विटांच्या भिंतीप्रमाणे एकाशी एक लागून बसलेल्या पेशी आणि प्रत्येकीतील गडद ठिपका, म्हणजे केंद्रक, स्पष्ट दिसते. एकदा हे डोळ्यांनी पाहिले म्हणजे पुढील विवेचन समजण्यास अडचण पडत नाही.

आता पुन्हा कापसाच्या तंतूकडे वळू. फूल उमलते त्या दिवशी त्याच्या पोटातील बीजांडांच्या सालीवरील काही पेशी फुगून वर येतात. पुढील सुमारे तीन आठवडे त्या केवळ लांब होत जातात. लांबी वाढविण्याचे काम जलपिशवीतील पाण्याचा दाब करतो. तो दाब आतून रेटतो आणि कोवळी भित्तिका ताणली जाते. त्यानंतर लांबी वाढणे थांबते आणि पेशी आतल्या बाजूने भिंतीवर थरावर थर चढवू लागते. हे थर सेल्युलोज या पदार्थाचे असतात. बोंड पक्व होईपर्यंत हे काम चालते. बोंड उकलले की तंतू वाळतो, पेशी मरते, नळी चपटी होऊन तिला पीळ पडतो, आणि त्या पिळामुळेच सूत कातता येते. जो माल जिनिंगमध्ये जातो त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग निव्वळ सेल्युलोज असतो.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत पाण्याचा ताण पडला तर पेशीतील दाब कमी होतो आणि तंतू आखूड राहतो. त्यानंतरच्या काळात ताण पडला, अन्नद्रव्ये कमी पडली अथवा पाने अकाली गळाली, तर लांबी बरी राहते, परंतु भिंत पातळ राहते; असा तंतू कच्चा समजला जातो, रंग नीट धरत नाही आणि त्यास भाव कमी मिळतो. कोरडवाहू शेतात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एखादे संरक्षक पाणी देता येण्याजोगे असेल तर ते कोणत्या आठवड्यात द्यावे, याचा निर्णय झाडावरील बहुसंख्य बोंडांचे वय पाहून घ्यावा.

केंद्रकातील धागे

पेशीचे सर्व व्यवहार केंद्रकातील सूचनांनुसार चालतात. या सूचना गुणसूत्र नावाच्या धाग्यांवर असतात. त्यांची संख्या प्रत्येक जातीत ठरलेली असते. विदर्भातील जुन्या गावरानी कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात, तर अमेरिकन कापसाच्या पेशीत ५२. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी जुन्या जगातील एका कापसाचा आणि अमेरिकेतील एका रानटी कापसाचा नैसर्गिक संकर झाला, त्यातील गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली, आणि त्यापासून आजचा अमेरिकन कापूस निपजला. देशी आणि अमेरिकन कापसाचा संकर केला असता झाड वांझ का निघते, हे या आकड्यांवरून ध्यानात येते. परागकणात आणि अंड्यात निम्मी गुणसूत्रे उतरतात, म्हणून अशा संकरात १३ आणि २६ मिळून ३९ होतात. त्यांपैकी १३ गुणसूत्रांना जोडीदार नसतात, आणि जोडीदाराशिवाय बीज नीट तयार होत नाही.

गुणसूत्र ज्या पदार्थाचे बनते त्यास डीएनए म्हणतात. त्याची रचना दोन वेढे घेतलेल्या शिडीसारखी असल्याचे वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली दाखविले. अमेरिकन कापसाच्या एका पेशीतील सर्व डीएनए उलगडून एकापुढे एक ठेवले तर त्याची लांबी सुमारे दीड मीटर भरेल. इतका धागा डोळ्यांस न दिसणाऱ्या केंद्रकात गुंडाळलेला असतो.

हा पदार्थ गावातही दाखविता येतो. अर्धे पिकलेले केळे अर्धा कप पाण्यात कुस्करावे. त्यात चिमूटभर मीठ आणि भांडी घासण्याच्या साबणाच्या पाण्याचा एक चमचा घालून फेस न आणता हळूहळू ढवळावे. दहा मिनिटांनी ते स्वच्छ फडक्याने गाळून काचेच्या पेल्यात घ्यावे, आणि औषधाच्या दुकानातील स्पिरिट बर्फात थंड करून पेल्याच्या कडेने अलगद सोडावे. दोन्ही द्रवांच्या मध्ये पांढरट, शेवाळासारखे धागे वर येऊ लागतात. साबणाने पेशीपटलातील स्निग्ध पदार्थ विरघळतो, मिठामुळे धागे एकमेकांजवळ येतात आणि स्पिरिटमध्ये डीएनए विरघळत नसल्यामुळे ते वेगळे दिसते. धाग्यांत थोडे इतर पदार्थही मिसळलेले असतात. तरी केळ्याच्या पेशींतील डीएनए डोळ्यांसमोर आले असे म्हणण्यास हरकत नाही. स्पिरिट ज्वालाग्राही असते, त्यामुळे जवळपास चूल अथवा विडी असू नये.

अक्षरे, जनुके आणि प्रथिने

डीएनएच्या शिडीतील पायऱ्या चार प्रकारच्या घटकांच्या असतात. शास्त्रज्ञ त्यांना ए, टी, जी, सी अशी अक्षरे देतात. मराठीच्या मुळाक्षरांतून जशी पोथीही लिहिता येते आणि सावकाराची वहीही, तशीच या चार अक्षरांच्या क्रमातून कापूस, अळी आणि मनुष्य यांची घडण लिहिलेली असते. अक्षरे तिघातिघांच्या गटाने वाचली जातात आणि प्रत्येक गट एका अमिनो आम्लाकडे बोट दाखवितो. अशी वीस अमिनो आम्ले निरनिराळ्या क्रमाने गुंफली म्हणजे निरनिराळी प्रथिने तयार होतात. ही लिपी उलगडण्याच्या कामात भारतात जन्मलेले डॉ. हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता. त्याबद्दल त्यांना १९६८ साली दोन सहकारी शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

डीएनएचा जो तुकडा एका प्रथिनाची कृती सांगतो त्यास जनुक म्हणतात. केंद्रकातून मूळ पोथी कधीच बाहेर जात नाही. हव्या त्या जनुकाची एक तात्पुरती नक्कल निघते, ती केंद्रकाबाहेर येते, आणि तेथील सूक्ष्म यंत्रणा ती वाचून प्रथिन गुंफते. नकलेचे काम संपले की ती मोडून टाकली जाते. तलाठ्याच्या दप्तरातील मूळ नोंद जागेवर राहते आणि उताऱ्यावर काम चालते, तसाच हा प्रकार. प्रत्येक पेशीत सर्व जनुके असतात, परंतु सर्व चालू नसतात. तंतूच्या पेशीत सेल्युलोजची जनुके जोरात असतात. पानाच्या पेशीत उन्हापासून अन्न बनविण्याची.

बीटी हा शब्द कोठून आला

१९०१ साली जपानमध्ये इशिवाता या शास्त्रज्ञास मरणाऱ्या रेशीमकिड्यांत एक जंतू सापडला. पुढे १९११ साली जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात बर्लिनर यास पिठातील पतंगाच्या मेलेल्या अळ्यांत तोच आढळला, आणि त्याने त्या प्रांतावरून त्यास बॅसिलस थुरिंजिएन्सिस असे नाव दिले. त्याचे संक्षिप्त रूप बीटी. हा जंतू जमिनीत सर्वत्र आढळतो. तो आपल्या पेशीत प्रथिनाचे स्फटिक साठवितो, आणि हेच स्फटिक अळीस मारक ठरतात.

मारण्याची रीत पाहण्यासारखी आहे. अळीने स्फटिक खाल्ला की तो तिच्या आतड्यातील क्षारधर्मी रसात विरघळतो. आतड्यातील पाचक द्रव्ये त्याचा काही भाग छाटतात आणि उरलेला भाग कार्यक्षम होतो. हा भाग म्हणजे जणू किल्ली. अळीच्या आतड्याच्या पेशींवर काही प्रथिने बसलेली असतात, ती कुलपे. किल्ली कुलपास लागली की पेशीपटलास छिद्र पडते, पेशीत पाणी शिरते आणि ती फुगून फुटते. अळी खाणे थांबविते आणि मरते. मनुष्याच्या आणि गुरांच्या जठरात आम्ल असते आणि त्यांच्या आतड्यावर ही कुलपे नसतात. म्हणून हे प्रथिन त्यांना त्या रीतीने बाधत नाही. मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी यांवरही कपाशीतील या प्रथिनाचा परिणाम होत नाही. "बीटी आहे, तर तुडतुडे का?" हा प्रश्न त्यामुळे गैरलागू ठरतो.

शास्त्रज्ञांनी या जंतूतील क्राय१एसी हे जनुक घेतले. त्याचे प्रथिन १,१७८ अमिनो आम्लांचे आहे, म्हणजे कृती साडेतीन हजारांहून अधिक अक्षरांची. वनस्पतीच्या पेशीस ही कृती सुलभपणे वाचता यावी म्हणून अक्षरांत फेरफार केले गेले. नंतर झाडांवर गाठी आणणाऱ्या अॅग्रोबॅक्टेरियम या दुसऱ्या जंतूकडून ते जनुक कापसाच्या पेशीत पोहोचविण्यात आले. हा जंतू मुळातच आपला डीएनए वनस्पतीच्या पेशीत घालतो. अशा एका पेशीपासून प्रयोगशाळेत पूर्ण झाड वाढविले, आणि त्या झाडाशी नेहमीचे संकर करीत ते जनुक भारतीय वाणांत उतरविले. भारतात मार्च २००२ मध्ये महिकोच्या तीन संकरित वाणांना परवानगी मिळाली. क्राय१एसीबरोबर क्राय२एबी हे दुसरे जनुक असलेले वाण २००६ साली आले.

सुरुवातीस हिरव्या अमेरिकन बोंडअळीचा उपद्रव एकदम कमी झाला, हे निर्विवाद. परंतु झाड सर्व काळ आणि सर्व अवयवांत सारखे प्रथिन तयार करीत नाही. नागपूरच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत असे दिसून आले की पानांत ते भरपूर असते, फुलाच्या अंडाशयात आणि हिरव्या बोंडाच्या सालीत ते सर्वांत कमी असते, आणि पेरणीनंतर सुमारे ११० दिवसांनी त्याचे प्रमाण अपुरे पडू लागते. अळीचे खरे खाद्य तर फूल आणि बोंडच! याच संस्थेने बीटी ओळखण्याच्या चाचणी-पट्ट्याही तयार केल्या. पानाच्या रसात बुडविलेल्या पट्टीवर रेघ उमटली म्हणजे प्रथिन आहे, एवढाच त्याचा अर्थ. ते पुरेसे आहे किंवा नाही हे त्या रेघेवरून समजत नाही.

एकाच बोंडात चार प्रकारच्या सरक्या

भारतात बीटी कापूस जवळजवळ सर्वस्वी संकरित वाणांच्या रूपाने आला. कापसाचा पहिला व्यापारी संकर, संकर-४, डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली सुरत येथे दिला होता आणि संकरित बियाण्याची सवय मध्य भारतात पूर्वीच पडलेली होती. संकरित झाडात बीटी जनुक बहुधा एकाच पालकाकडून आलेले असते. म्हणजे जोडीतील एका गुणसूत्रावर ते असते आणि दुसऱ्यावर नसते. अशा झाडाच्या बोंडात जी सरकी भरते तिचा गर पुढील पिढीचा असतो, आणि त्या पिढीत जनुके विभागली जातात. एका जनुकाच्या बाबतीत चारांतील एका सरकीत ते येतच नाही. दोन जनुके असतील तर सोळा सरक्यांमागे सरासरी नऊंत दोन्ही, तिघींत पहिले, तिघींत दुसरे आणि एकीत एकही नाही, असा हिशेब पडतो. ऑस्ट्रियातील मेंडेल याने १८६५ साली वाटाण्यावर मांडलेला नियम तो हाच.

येथे एक गंमत आहे. सरकीची साल आणि तिच्यावरील तंतू आईच्या, म्हणजे शेतातील झाडाच्या, शरीराचाच भाग असतात. म्हणून सरक्या आतून वेगवेगळ्या असल्या तरी रुई सारखी दिसते, आणि बाहेरून पाहून काहीच उमगत नाही. घरची सरकी राखून पुढील वर्षी पेरली तर शेतात उंच-ठेंगणी, लवकर-उशिरा येणारी आणि बीटी असलेली-नसलेली अशी सरमिसळ झाडे उगवतात, त्याचे कारण हे विभाजन होय.

गुलाबी बोंडअळीस या रचनेचा फायदा मिळतो. तिचे वर्णन १८४३ साली प्रथम इंग्लंडमध्ये झाले ते भडोचहून गेलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे ती या देशास नवी नव्हे. हिरवी बोंडअळी बाहेरून बोंड पोखरते, तर गुलाबी अळी अंड्यातून निघताच काही तासांत बोंडात शिरते, तिने पाडलेले छिद्र बुजून जाते, आणि ती आत बसून सरक्या खाते. एका सरकीत दोन प्रथिने, शेजारच्या सरकीत एक, त्यापुढच्या सरकीत एकही नाही. अशा मिश्र अन्नावर, जी अळी पूर्ण मात्रेने मेली असती, तीही तग धरून राहू शकते.

अळीचे कुलूप बदलले

कोट्यवधी अळ्यांमध्ये एखादीच्या जनुकात अक्षराची चूक जन्मतःच असते. त्यामुळे आतड्यावरील कुलूप बिघडलेले निघते आणि बीटीची किल्ली लागत नाही. भारतातील प्रतिकारक्षम गुलाबी बोंडअळ्यांत कॅडहेरीन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात असे निरनिराळे बिघाड आढळले. पहिल्या किल्लीचे कुलूप ते. दुसऱ्या किल्लीबाबत एबीसीए२ या जनुकात बदल सापडले. बीटीने हे बदल घडविले नाहीत. ते तुरळक स्वरूपात होतेच. बीटीने फक्त बाकीच्या अळ्या मारून या अळ्यांना रान मोकळे करून दिले.

हा दोष अप्रभावी स्वरूपाचा असतो. आई आणि बाप या दोघांकडून तो आला तरच अळी वाचते. एकाकडून आला तर दुसऱ्याचे चांगले कुलूप असते आणि अळी मरते. समजा, हजारांत एका जनुकात दोष आहे. मग दोन्ही बाजूंनी दोष असलेली अळी दहा लाखांत एक निघेल. संपूर्ण शिवारात बीटीच पेरली तर वाचलेल्या अशा पतंगांना जोडीदार म्हणून आपल्यासारखेच मिळतात आणि त्यांची सर्व संतती प्रतिकारक्षम होते. शेताच्या कडेला साधी, बिगर-बीटी कपाशी असली तर तेथे सामान्य पतंग मोठ्या संख्येने निपजतात. वाचलेल्या पतंगांचा संयोग त्यांच्याशी होतो आणि संततीस एक चांगले कुलूप मिळते. ही संतती बीटीवर मरते. बिगर-बीटीच्या त्या ओळींना आश्रय-पीक म्हणतात. त्या अळीला पोसण्यासाठी नसून तिचे कुलूप किल्लीस लागते ठेवण्यासाठी असतात. बोंडातील बिगर-बीटी सरकीने हे काम होत नाही; तेथे एकच अळी दोन्ही प्रकारचे अन्न खाते, तर आश्रयाच्या झाडावरील अळीस बीटी चाटावीच लागत नाही.

२००२ च्या परवानगीत शेताभोवती पाच ओळी अथवा वीस टक्के क्षेत्र बिगर-बीटी ठेवण्याची अट होती आणि ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी मिळत असे. कित्येक गावांत ती पुडी बांधावर पडून राहिली. उत्पन्न बुडेल ही भीती होती, आणि पुडीतील वाणाचा फुलोरा मुख्य वाणाशी जुळत नाही ही तक्रारही सर्वस्वी खोटी नव्हती. तथापि तिचा उपयोग काय, हे फारच थोड्यांना समजावून सांगितले गेले, आणि दोषाचा मोठा वाटा या न समजावण्याकडे जातो. पुढे पाच ते दहा टक्के बिगर-बीटी बियाणे पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली.

अमरेली येथे २००८ साली गोळा केलेल्या अळ्यांत पहिल्या जनुकास प्रतिकार आढळला. २०१५ च्या सुमारास गुजरातेत दोन जनुकांच्या कपाशीवरही अळी वाढू लागली, आणि २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात बोंडेच्या बोंडे किडली. याउलट अमेरिकेतील अॅरिझोनात १९९६ पासून बीटी पेरली गेली, आश्रय-पिकाचा नियम काटेकोरपणे पाळला गेला आणि पुढे वांझ केलेले पतंग विमानातून सोडण्यात आले. २०१८ साली अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. दोन्हीकडे अळी तीच होती.

फवारणीचे विष कोणत्या पेशीवर चालते

बीटी निष्प्रभ होऊ लागली की हात पंपाकडे जातो. २०१७ च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. बीटी प्रथिनाचे कुलूप अळीच्या आतड्यात आहे, माणसात नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील औषधांचे तसे नाही. ती मज्जापेशींतील एका पाचक प्रथिनास निकामी करतात. एका पेशीकडून दुसरीकडे संदेश गेला की तो पुसून टाकण्याचे काम ते प्रथिन करते. ते बंद पडले की संदेश थांबतच नाही. लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, श्वास कोंडतो. हे प्रथिन अळीतही आहे आणि फवारणाऱ्या मजुरातही. म्हणून अंगावर उडालेले औषध कातडीतून शिरून तोच परिणाम करते. अशी लक्षणे दिसताच भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि रोग्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. औषधाची बाटली किंवा तिचे लेबल बरोबर न्यावे, कारण ॲट्रोपिनचा उतारा द्यावयाचा किंवा नाही हे डॉक्टर त्यावरून ठरवितात. दोन-तीन औषधे मनाने एकत्र करून मारू नयेत. उंच वाढलेल्या कपाशीत शिरून वाऱ्याविरुद्ध फवारणी कधीही करू नये.

शिवाय अळी एकदा बोंडात शिरल्यावर बाहेरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. फवारणीची वेळ पतंग आणि अंडी पाहूनच ठरविली पाहिजे. त्यासाठी कामगंध सापळे आहेत. मादी पतंग नरास बोलाविण्यासाठी जो गंध सोडते त्याची रासायनिक घडण १९७३ साली उलगडली. तोच गंध सापळ्यातील गोळीत असतो आणि नराच्या मिशांवरील पेशी तो ओळखतात. एकरी दोन सापळे लावावेत, गोळी ठरलेल्या मुदतीत बदलावी, आणि रोज पतंग मोजून वहीत लिहावेत. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले तर उपाय योजण्याची वेळ आली असे समजावे.

अळीची साखळी तोडण्याचा सर्वांत स्वस्त उपाय मात्र हंगामाच्या दोन टोकांस आहे. मे महिन्यात ओलिताखाली धूळपेरणी केली तर जूनमध्ये निघणाऱ्या पतंगांना आयती पाती मिळतात. म्हणून पेरणी पाऊस लागल्यावरच करावी. फुलोऱ्यात पाकळ्या न उघडता गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या डोमकळ्या दिसतील त्या तोडून नष्ट कराव्यात. प्रत्येकीत बहुधा एक अळी असते. फरदड घेऊ नये. डिसेंबरनंतर झाडातील बीटी प्रथिन घटलेले असते, थोडे प्रथिन आणि भरपूर बोंडे ही अळीस प्रतिकार शिकविण्याची उत्तम शाळा ठरते, आणि चार वेचण्यांच्या लोभाने पुढील वर्षाचे पीक धोक्यात येते. पऱ्हाटी उपटून तिचा भुगा जमिनीत गाडावा; बांधावर ढीग रचू नयेत, कारण किडक्या बोंडांत दोन सरक्या एकमेकींस चिकटवून अळी त्यांच्या आत उन्हाळाभर निद्रिस्त राहू शकते. जिनिंग कारखान्याच्या आवारात पडलेल्या सरकीतही ती असते. तेथेही सापळे लावण्याची आणि सरकी वेळीच हलविण्याची व्यवस्था ग्रामसेवकांनी कारखानदारांशी बोलून करवून घ्यावी.

बोंडे धरू लागल्यापासून दर आठवड्यास शेतात कर्णरेषेने फिरून वीस हिरवी बोंडे, झाडांची निवड न करता, तोडावीत आणि विळ्याने चिरून आत पाहावे. दोन बोंडांत जिवंत अळी सापडली तर नुकसान दहा टक्क्यांवर गेले, आणि त्याच दिवशी कृषि सहायकास अथवा जवळच्या कृषि विज्ञान केंद्रास कळवावे.